लिप लिफ्ट करण्यापूर्वी
नाकाखालची त्वचेची पट्टी कापून वरचा ओठ उचलणारी ही शस्त्रक्रिया फिलरसारखी (ओठ भरीव दिसण्यासाठी टोचतात ते जेल) काही महिन्यांत विरत नाही; काढलेली त्वचा परत येत नाही, म्हणून सर्जन "थोडी कमीच काढू" म्हणाले तर नाराज होऊ नका. टाके साधारण 5 ते 7 दिवसांत निघतात, परंतु व्रण फिका पडायला वर्षही लागू शकते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो काळवंडण्याची वा जाड होण्याची शक्यता अधिक असल्याने, कान टोचल्यावर कधी गाठ आली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. माझा व्रण आता फक्त मलाच दिसतो, तोही आरशाजवळ गेल्यावर. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, हे मात्र सर्वांत आधी पाहावे.