बीडच्या ३० वर्षांच्या मोसमी पावसाचं वितरण सममित (मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं) आहे का, हे विल्कॉक्सन चाचणीने तपासता येईल का? मी मध्यक वजा करून ती लावली.

थेट नाही. मध्यक त्याच आकड्यांतून काढलात, अडचण तिथेच आहे.

विल्कॉक्सनची १९४५ सालची साइन्ड-रँक चाचणी केंद्र, म्हणजे ज्याभोवती सममिती तपासायची तो आकडा, आधीच ठाऊक आहे असं धरते. ते वजा करायचं, चिन्ह बाजूला ठेवून फरकांना लहानापासून क्रमांक द्यायचे आणि धन फरकांच्या क्रमांकांची बेरीज घ्यायची. सममिती असेल तर प्रत्येक चिन्ह म्हणजे नाणेफेक: १० आकड्यांना १०२४ सारख्याच शक्यता, बेरजेची अपेक्षित किंमत २७.५. तुमच्याकडे मात्र निम्मे फरक धन, निम्मे ऋण हे आधीच ठरून गेलं. मग कोष्टकातली पी-व्हॅल्यू (सममिती असूनही निव्वळ योगायोगाने इतका टोकाचा निकाल येण्याची शक्यता) लागू पडत नाही.

केंद्र माहीत नसेल तर ट्रिपल्स चाचणी घ्या (रँडल्स आणि सहकारी, १९८०). तीन-तीन वर्षांचा प्रत्येक गट बघायचा. मधला आकडा लहान आकड्याजवळ असेल तर कल उजवीकडे, मोठ्याजवळ असेल तर डावीकडे. सममितीत दोन्ही प्रकारचे गट साधारण सारखे निघतात. ३० वर्षांचे ४०६० गट होतात, त्यामुळे हाताने करायच्या फंदात पडू नका. ही चाचणी मोठ्या नमुन्यासाठीची आहे, दहा-बारा वर्षांवर तिचा भरवसा धरू नये.

रोजच्या पावसाला तर चाचणीच कशाला? आपल्याकडे पावसाळ्यातही कोरडे दिवस ढीगभर, आणि आकडा शून्याखाली जात नाही. उजवीकडची लांब शेपटी आलेखातच दिसते.