सगळं फोनवर आणायचंय, पण त्या फोनच्या मागे किती पैसे उभे आहेत?

प्रश्न असा आलाय. तासगावकडचे एक दुकानदार, वय ४१, इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, वर्षाची उलाढाल ३६ लाखांच्या आसपास आणि त्यातली साठ टक्के आता क्यूआरवर येते. घरची बचत १४ लाख, सगळी एकाच सहकारी बँकेच्या एकाच बचत खात्यात, दुकानाचा क्यूआर त्याच खात्याला जोडलेला आणि वहिनींच्या फोनमधलं यूपीआयही त्याच खात्याला. वडील ७२ वर्षांचे, त्यांच्या कपाटात १ लाख ८० हजार रोख आहे. दादांना आता रोख बंदच करायचीय, कपाटातली पण बँकेत भरून टाकायचीय. वडील म्हणतात, "ह्यो देश अजून त्याला तयार झाला न्हाई." तर देश खरंच तयार आहे का, की बाबा उगीच घाबरतायत, असं दादांनी विचारलंय.

दादा, दोघांनाही थोडं वाईट वाटेल असं उत्तर देतोय. पैसे पाठवायला आपला देश तयार आहे, चांगलाच तयार आहे. गेलेला पैसा परत मिळवून द्यायला अजून तयार नाही. पहिलं अर्ध तुम्ही बघताय, दुसरं अर्ध बाबांना न शिकता कळलंय.

आधी तुमची बाजू घेतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले. यंत्रणा कच्ची असती तर एवढा भार झेपलाच नसता. तुमचं सिम, तुमचा तो ठरावीक फोन आणि तुमचा पिन हे तिन्ही एकत्र आल्याशिवाय सहसा पेमेंट पुढे जात नाही. खिशातून पडलेल्या पाचशेच्या नोटेला असलं कुठलंच कुलूप नसतं. (आणि बाबा काही एकटे कपाटवाले नाहीत बरं का, नोटबंदीच्या आधी देशात जेवढी रोख फिरत होती त्याच्या दुप्पट आज फिरतेय, म्हणजे लोकांनी क्यूआर पण घेतला आणि नोटाही ठेवल्या, आणि मला तरी त्यात मूर्खपणा दिसत नाही.)

आता यंत्रणा बंद पडते तेव्हा काय होतं बघा. २०२५ मध्ये २६ मार्चला आणि परत १२ एप्रिलला देशभर यूपीआय अडखळलं होतं, ते काही तासांचं होतं, सोडून द्या. पण जुलै २०२४ च्या शेवटी लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (संगणक कुलूपबंद करून खंडणी मागायचा) हल्ला झाला आणि जवळपास ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँका पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हॅकर्सनी ९४ कोटी काढले. २०२० च्या मार्चमध्ये येस बँकेवर निर्बंध आले तर फोनपे पण बंद पडलं, कारण त्याचं काम त्या बँकेवरून चालायचं, आणि ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं ते लोकही फोन हातात धरून बसले. तुमचं सगळं एका सहकारी बँकेत आहे म्हणून हे सांगतोय. बँक वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, तुमच्याकडे दुसरा दरवाजाच नाहीये एवढंच म्हणतोय.

रोख एकदम आटली तर काय होतं ते नायजेरियात २०२३ च्या सुरुवातीला दिसलं. जुन्या नोटा बाद करायला घेतल्या, नव्या पुरेशा आल्या नाहीत, लोक बँकेच्या ॲपवर वळले आणि ॲपं त्या गर्दीखाली बसली. मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला जुन्या नोटा चालू ठेवा म्हणून सांगावं लागलं.

पण खरं सांगू, माझी भीती बंद पडण्याची नाहीच. बंद पडलेलं चालू होतं. माझी भीती परत मिळण्याची आहे आणि इथे जरा सावकाश वाचा.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक नियम आणला, ग्राहकाच्या जबाबदारीवर मर्यादा घालणारा. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेत भोक पडलं आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. त्याच्या पुढे बँकेचं धोरण काय असेल ते. ऐकायला छान आहे. पण हे सगळं "अनधिकृत" व्यवहाराला आहे. ओटीपी, पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आणि समोरच्याने घाबरवून, फसवून तुमच्याच हाताने, तुमच्याच पिनने पैसे पाठवायला लावले तर बँक म्हणते हा व्यवहार तुम्हीच केलाय, आमच्याकडे सगळं बरोबर दिसतंय.

आणि आजकालची फसवणूक बहुतेक अशीच असते हो. कुलूप कोणी तोडत नाही, मालकालाच चावी फिरवायला लावतात. लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप घालणारी) येते, ती टाकली की तुमचे मेसेज तिकडे दिसतात. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल येतो, तुम्हाला फोनवरच अटक केलीय म्हणून धमकावतात, त्याला "डिजिटल अरेस्ट" म्हणतात, कायद्यात असलं काही नाहीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मन की बात मध्ये सांगितलं तरी लोक अडकतातच. माझ्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, आयुष्यभर पोरांना ओरडलेल्या बाई, त्या पाऊण तास अशा कॉलवर थरथरत बसल्या होत्या. घरात कामवाल्या मावशी आल्या आणि त्यांनी फोन ओढून घेतला म्हणून वाचल्या. शिक्षणाचा इथे काही उपयोग नसतो, ही भीतीची गोष्ट आहे. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यानुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी गेले, आदल्या वर्षाच्या जवळपास तिप्पट.

दुकानदार म्हणून तुम्हाला अजून एक धोका आहे जो तुम्ही पत्रात लिहिलेलाच नाही. कोणीतरी चोरीच्या पैशातून तुमच्याकडून पंखा घेतला, क्यूआरवर २,४०० भरले, साउंडबॉक्स बोलला, तुम्ही माल दिला. पंधरा दिवसांनी कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा मेल बँकेला येतो, पैशाचा माग काढत काढत तुमच्या खात्यापर्यंत आलेत, खातं गोठवा. कधी तेवढ्याच रकमेवर होल्ड लागतो, कधी अख्खं खातं. माझ्या एका क्लायंटचं, मोबाइल ॲक्सेसरीजवाला पोरगा, खातं असंच अडकलं आणि त्यात बहिणीच्या लग्नाचे पैसे होते. बँक म्हणायची पोलिसांना विचारा, पोलीस म्हणायचे अर्ज मेल करा, सात आठवडे गेले. मीच त्याला वर्षभर आधी सांगायला हवं होतं की दुकानाचं खातं वेगळं कर, सांगायचं राहून गेलं, ते अजून टोचतं. म्हणून तुम्हाला आधीच सांगतोय.

तर निर्णय. रोख की ऑनलाइन हा वाद बाजूला ठेवा, फोनने उघडणाऱ्या दरवाजामागे किती पैसे ठेवायचे ते ठरवा. तुमच्याकडे आज १४ लाख ठेवलेत, ते चूक आहे. माझं उत्तर ७०-८० हजार.

दुकानासाठी दुसऱ्या, मोठ्या बँकेत चालू खातं उघडा, क्यूआर तिकडे न्या, आणि रोज नाहीतर एक दिवसाआड तिथली रक्कम काढत जा, मागे ४० हजारांच्या वर ठेवायची नाही. घरखर्चाला एक वेगळं छोटं खातं, महिन्याचे ३० हजार, वहिनींचं यूपीआय त्यालाच. भाजी दुधासाठी यूपीआय लाइट चालू करून द्या, त्यात ५,००० पर्यंतच शिल्लक ठेवता येते आणि पिन सारखा चारचौघांत टाकावा लागत नाही. बाबांना पुढेमागे फोन वापरावासा वाटला तर यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, ते पेमेंट करतील आणि मंजुरी तुमच्या फोनवर येईल, पण त्यांना आत्ता नको असेल तर मागे लागू नका.

बाकीच्या पैशाला फोनचा वारा लागू द्यायचा नाही. साडेचार लाखांची एफडी एका बँकेत, साडेचारची दुसऱ्या बँकेत. का तोडायची, तर ठेवीचा विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांचाच, तोही व्याज धरून. पीएमसी या सहकारी बँकेचं आठवा, २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. आणि एफडी काउंटरवर जाऊन करा, नेट बँकिंग त्या खात्याला घेऊच नका. लोकांना वाटतं एफडी म्हणजे सुरक्षित, पण ऑनलाइन केलेली एफडी ऑनलाइनच मोडता येते, फसवणारे आधी एफडी मोडायला लावतात आणि मग पैसे फिरवतात. तीन लाख लिक्विड फंडात (थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांचा म्युच्युअल फंड) टाका, तिथून पैसे काढले की नोंदवलेल्या बँक खात्यातच जातात, तिसऱ्याच्या खात्यात वळवता येत नाहीत, आणि साधारणपणे एक दिवस थांबावं लागतं. घाबरलेल्या माणसाला तो एक दिवस फार कामाचा असतो. ब्राझीलमध्ये पिक्स नावाचं असंच झटपट पेमेंट आहे, तिथे लोकांना पळवून नेऊन पैसे पाठवायला लावायचे प्रकार वाढले तेव्हा त्यांच्या मध्यवर्ती बँकेने २०२१ मध्ये रात्री ८ ते सकाळी ६ पाठवायच्या रकमेवर मर्यादा घातली. आपल्याकडे रात्रीपुरती अशी मर्यादा कोणी आपोआप घालून देत नाही, आपली मर्यादा आपणच घालायची. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तुमची रोजची मर्यादा कमी करा, आजच करा.

उरलेले लाख-सव्वा लाख जुन्याच सहकारी बँकेच्या खात्यात राहू द्या, मालाच्या खरेदीसाठी, चेकने नाहीतर शाखेतून एनईएफटीने द्या. त्या खात्यावरून यूपीआय काढा, डेबिट कार्डचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, आणि आधारचे बोटांचे ठसे लॉक करा, कारण नकली ठशांनी आधारवरून पैसे काढल्याचे प्रकार झालेत.

बाबांच्या १ लाख ८० हजारांचं. पन्नास हजार घरात राहू द्या, त्यांच्याच ताब्यात. रात्री दवाखान्यात भरती करायची वेळ आली आणि सर्व्हर डाऊन असला तर त्यांचीच नोट चालणार आहे. बाकीचे १ लाख ३० हजार भरा, त्यांच्या स्वतःच्या खात्यात भरले तर उत्तम. पॅन द्यावा लागू नये म्हणून लोक रोज थोडे थोडे करून रोख भरतात, ते करू नका, तेच जास्त नजरेत येतं. सरळ पॅन द्या आणि मोकळे व्हा.

टॅक्सचं थोडक्यात, पुढचं तुमच्या सीएंना विचारा. अंदाजे नफ्याच्या पद्धतीत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. तुमची २१ लाख ६० हजार क्यूआरवर येते म्हणजे ४३,२०० रुपये कमी नफा धरावा लागतो, क्यूआर ठेवण्याचं हे पण एक कारण. पण मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा ४० लाख आहे आणि तुम्ही ३६ वर आहात, जवळ आलात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या तर बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून "फक्त कॅश" च्या पाट्या लावल्या. तो उपाय नाही, उलाढाल रोखीची पण मोजली जाते. ४० ओलांडणार असं दिसलं की आधीच नोंदणी करा.

आणि पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका. पहिल्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला फोन आणि ईमेल, तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसा पुढच्या चार खात्यांत फुटायच्या आत अडवला तरच मिळायची शक्यता असते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. नुसतंच कुणा माणसाला (दुकानाला नव्हे) यूपीआयने पाठवलेलं पेमेंट अडकलं असेल, म्हणजे तुमचे कापले आणि समोरच्याच्या खात्यात गेले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, ती मागा, लोक मागतच नाहीत. हा १९३० दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून लावा, वहिनींना पण पाठ पाहिजे.

एफडीच्या दोन्ही पावत्या बाबांच्या कपाटात ठेवा, चावी त्यांच्याकडेच राहू दे, त्यांना विचारल्याशिवाय मोडायच्या नाहीत असं घरात ठरवा. आणि ते पैसे मोजायला बसाल तेव्हा त्यांच्याबरोबर बसा आणि २,००० च्या गुलाबी नोटा आहेत का बघा. मे २०२३ मध्ये त्या मागे घेतल्यात, आता तुमच्या बँकेत चालणार नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच घेतात, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर, नाहीतर पोस्टाने पाठवायच्या. निघाल्या तर बाबांना बोलू नका, माझ्या वडिलांच्या डायरीत सात निघाल्या होत्या.