मायक्रोवेव्ह चालू होतो पण गरम करत नाही. पुण्यात सुटे भाग कुठे मिळतील?

दिवा लागतो, प्लेट फिरते, दूध मात्र गार ते गारच, आणि कंपनीचा माणूस ‘मॉडेल बंद झालंय, नवा घ्या’ सांगून गेला, असं तुम्ही लिहिलंय. मी घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. मॉडेल बंद झालं म्हणून भाग मिळत नाहीत असं नसतं. मॅग्नेट्रॉन (गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा भाग), कपॅसिटर (विजेचा चार्ज साठवणारा), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), दाराचे स्विच हे बरेचसे ठरावीक साच्याचे असतात आणि निरनिराळ्या ब्रँडांच्या ओव्हनमध्ये तेच बसतात.

म्हणून दुकानात मॉडेल नंबर घेऊन जाऊ नका, काढलेला जुना भाग घेऊन जा. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली आणि आसपास विचारा. मुंबईत कुणी असेल तर लॅमिंग्टन रोड. मॅग्नेट्रॉनवर ‘२एम२१४’ असा काहीतरी नंबर छापलेला असतो. पण नुसता नंबर जुळून भागत नाही. वायरी जोडायच्या पिना कुठल्या बाजूला आहेत, स्क्रूची भोकं कुठे आहेत, पंख्याची हवा पत्र्यांमधून आरपार जाईल का, हे जुना शेजारी धरूनच कळतं. कपॅसिटरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा (०.९५, १.०० वगैरे) तोच हवा, व्होल्टेज कमी नको.

पण आधी बिघाड नेमका कशात आहे ते बघायला हवं. सरळ मॅग्नेट्रॉन बदलायला निघालेला मेकॅनिक दिसला की मला शंका येते, कारण तोच सगळ्यात महाग. चालू केल्यावर ओव्हनचा आवाज नेहमीपेक्षा जोरात घुमत असेल तर बहुधा डायोड शॉर्ट झालाय. अजिबात घुमत नसेल तर दाराचे स्विच किंवा रिले (विजेने चालू-बंद होणारा आतला स्विच) बघायचा. हा डायोड साध्या मल्टिमीटरवर दोन्ही बाजूंनी ओपनच, म्हणजे तुटल्यासारखा, दाखवतो, त्यामुळे चांगला डायोडही लोक फेकून देतात. तपासताना मीटरसोबत ९ व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये लावावी लागते.

दाराला साधारणपणे तीन मायक्रोस्विच असतात. त्यातला एक उलटा चालतो: दार उघडं असताना जोडलेला, बंद केलं की सुटलेला. त्याच्या जागी चुकून दुसरा बसवला तर फ्यूज उडतो. नवे घेताना पिना मोजून घ्या.

आता महत्त्वाचं. खरेदी तुम्ही करा, पण झाकण उघडायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. आत ४००० व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून राहू शकतो. त्या झटक्याने माणूस मरतो.

घरच्या घरी करण्यासारखं म्हणजे आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा पत्रा. ठिणग्या उडत असतील तर तो जळालाय का बघा. मोठा पत्रा स्वस्त मिळतो, प्लग काढून जुन्याच्या मापाने कात्रीने कापून बसवायचा. काचेची प्लेट घेताना व्यास मोजा आणि खालचे उंचवटे जुळतात का बघा.

खरी अडचण बटणांच्या पॅनेलची. ते त्या-त्या मॉडेलचंच लागतं. दुरुस्तीवाल्यांकडे भंगारात पडलेल्या ओव्हनचं मिळालं तर मिळालं. तुमचं पॅनेल चांगलं आहे, त्यामुळे आधी डायोड आणि स्विच तपासून घ्या. मॅग्नेट्रॉनच गेला असेल आणि मजुरीसकट खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला नको म्हणतो.