कॅमेऱ्यातला एए फिल्टर: असावा की नसावा?

या वेळी शार्पनेसबद्दल बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेक सगळे फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, ती म्हणजे सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) बसवलेला आणि अति बारीक डिटेल किंचित पुसट करणारा अँटी-एलियासिंग फिल्टर, ज्याला लो-पास किंवा नुसतं एए फिल्टर पण म्हणतात. त्यामुळे ते एकत्रच घेतोय.

प्रश्न: मी इचलकरंजीत शर्टिंगचे कॅटलॉग फोटो काढतो. नवा ६००० बाय ४००० पिक्सेलचा कॅमेरा घेतला, त्यात लो-पास फिल्टर नाहीये म्हणून फोटो जास्त शार्प येतात असं दुकानात सांगितलं होतं. शार्प येतातही, पण पॉपलीन आणि बारीक चेक्सवर गुलाबी-हिरवे पट्टे दिसतायत. जुन्या कॅमेऱ्यात असं कधी झालं नव्हतं. सेन्सर खराब आहे का?

सेन्सर अगदी ठणठणीत आहे, काळजी करू नका. या पट्ट्यांना मॉयरे म्हणतात आणि ते का येतात हे तुमच्याच कापडाच्या हिशोबाने बघू. समजा इंचाला १२५ उभे धागे आहेत आणि फ्रेमच्या रुंदीत दोन फूट कापड बसतंय, म्हणजे झाले ३००० धागे. रुंदीत पिक्सेल ६०००. म्हणजे एका धाग्याच्या वाट्याला दोनच पिक्सेल आले, एक धाग्याला आणि एक मधल्या फटीला. ही शेवटची हद्द. याच्यापेक्षा बारीक काही आलं की सेन्सरला ते नीट मोजता येत नाही, पण तो ते सोडूनही देत नाही, त्याच्या जागी जाड खोटे पट्टे दाखवतो. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की लाटा दिसतात ना, तसंच, इथे एक जाळी कापडाची आणि दुसरी पिक्सेलची.

आता ते रंगीत का? कारण प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी जी मांडणी काढली, १९७६ सालचं पेटंट आहे, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे एका ओळीत लाल पिक्सेल एकाआड एक, ६००० नाहीत, ३०००च. तुमचे धागेही ३०००! लाल आणि निळ्यासाठी हद्द कधीच ओलांडली गेलीय, म्हणून पांढऱ्या पॉपलीनवर सुद्धा गुलाबी-हिरवं येतं.

जुन्या कॅमेऱ्यात हे होत नव्हतं कारण तिथे बहुधा फिल्टर होता. फिल्टर म्हणजे क्वार्ट्झ किंवा लिथियम नायोबेटच्या पातळ चकत्या, पहिली चकती एका किरणाचे दोन करते, दुसरी त्या दोनाचे चार, आणि ते चारही साधारण एका पिक्सेलच्या अंतराने शेजारी-शेजारी पडतात. म्हणजे सेन्सरला न झेपणारं बारीक डिटेल आधीच थोडं पुसून आत येतं.

आता उपाय. आधी फोटो १०० टक्के झूम करून बघा, कारण कधीकधी फाइल स्वच्छ असते आणि पट्टे फक्त स्क्रीनवर लहान करून दाखवताना येतात. फाइलमध्येच असतील तर कॅमेरा जवळ घ्या, दोन फुटांऐवजी एक फूट कापड घेतलं की प्रत्येक धाग्याला चार पिक्सेल मिळतात आणि प्रश्न जवळजवळ मिटतो. पूर्ण थान दाखवायचंच असेल तर कापड थोडं तिरकं करून बघा, किंवा सरळ एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान करून काढा. एरवी मी कुणाला एफ/१६ सांगणार नाही, पण इथे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, लेन्सच फिल्टरचं काम करते, तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा धरला तर एफ/१६ ला प्रकाशाचा ठिपका २१ मायक्रॉनच्या आसपास पसरतो. थोडं मऊ येईल ते शार्पनिंगने भरून काढा. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून मॉयरेचा ब्रश आहे, पण तो रंग दाबतो, आणि कापडाच्या धंद्यात रंग चुकला तर माल परत येतो, म्हणून तो अगदी शेवटी.

प्रश्न: माझ्या कॅमेऱ्यात फिल्टर आहे. मित्र म्हणतो तो काढून घे, शार्पनेस दुप्पट होईल. काढू का?

नको, प्लीज नको. दुप्पट वगैरे काही होत नाही. निकॉनने २०१२ मध्ये डी८०० आणि डी८००ई असे दोन भाऊ काढले होते, दोन्ही ३६ मेगापिक्सेल, फरक मुख्यतः एवढाच की ई मध्ये दुसरी चकती पहिलीने फोडलेले किरण परत एकत्र आणायची, आणि त्याचे अमेरिकेत ३०० डॉलर जास्त. ट्रायपॉड, उत्तम लेन्स, एफ/५.६, अचूक फोकस, एवढं सगळं असेल तर १०० टक्के झूमवर फरक दिसतो. एफ/११ च्या पुढे तो जवळपास विरतो, आणि हातात धरून काढलेल्या फोटोत तर शोधावाच लागतो.

आणि फिल्टर जे करतो ते बरंचसं भरून निघतं, हे लोक विसरतात. तो बारीक डिटेलचा कॉन्ट्रास्ट कमी करतो, डिटेल सगळं खाऊन टाकत नाही. रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) शार्पनिंगचा रेडियस ०.७ च्या आसपास ठेवून, डिटेलचा स्लायडर वाढवून शार्पन करा, बराच कॉन्ट्रास्ट परत येतो. उलट मॉयरे म्हणजे खरं आणि खोटं डिटेल एकात एक मिसळलेलं, ते वेगळं करायची खात्रीची पद्धत नाही. म्हणून मला विचाराल तर कापड, साड्या, लग्नातले सूट, इमारती काढणाऱ्याने फिल्टरवाल्या कॅमेऱ्याला कमी लेखू नये.

शिवाय सेन्सरवरच्या काचांच्या थरात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, अडवणारा भागही असतो, आणि फिल्टर काढताना त्यालाही धक्का लागू शकतो. तो कमी पडला तर काय होतं ते २००६ च्या लायका एम८ मध्ये दिसलं, काळे सिंथेटिक कपडे जांभळट यायचे, शेवटी लेन्सवर वेगळा फिल्टर लावायला लागला. काचेची जाडी बदलली की फोकसही हलतो.

प्रश्न: फिल्टर हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद, असं नाही का करता येत?

करता येतं! पेंटॅक्स के-३ ने २०१३ मध्ये केलं, त्यात फिल्टरच नाही, पण शेक रिडक्शनची (हात हलला तरी फोटो सावरणारी) यंत्रणा फोटो घेताना सेन्सर पिक्सेलपेक्षाही कमी अंतराने हलवते आणि तेवढंच पुसट होतं. सोनीने २०१५ च्या आरएक्स१आर मार्क २ मध्ये लिक्विड क्रिस्टलचा थर टाकला, व्होल्टेज बदलून बंद, स्टँडर्ड, हाय असं ठेवता येतं. दोन्ही कल्पना मला मनापासून आवडतात, आणि बाकीच्या कंपन्यांनी त्या सरसकट उचलल्या नाहीत याचं वाईट वाटतं.

प्रश्न: भिगवणला पक्षी काढतो, फ्लेमिंगोची पिसं शार्प येत नाहीत. फिल्टर नसलेला कॅमेरा घ्यावा का?

आधी शटर स्पीड बघा. उडत्या पक्ष्याला १/६४० सेकंदावर पंखांचं टोक हलतंच, ते फिल्टर काढून थांबणार नाही. १/२००० च्या खाली जाऊ नका, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. दुसरं, दहा वाजल्यानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि लांबच्या लेन्समधून ती सगळी फोटोत उतरते, तिथे कुठलाच सेन्सर काही करू शकत नाही. सकाळी लवकर जा, नाववाल्याला जितकं जवळ पण पक्षी न उठवता नेता येईल तितकं न्यायला सांगा, आणि मग एकदा त्याच कॅमेऱ्याची रॉ फाइल नीट शार्पन करून बघा.