कुत्र्याच्या अंगावरचे केस जाऊन चट्टे पडलेत, जळकं ऑईल लावू का?

तुमचा गावठी कुत्रा आठ महिन्यांचा आहे, डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस गेलेत, शेजारी गॅरेजमधलं जळकं ऑईल लावायला सांगतायत आणि घरात मांजरही आहे, असं तुम्ही लिहिलंय. ऑईल कृपा करून लावू नका. कुत्रा ते चाटतो, पोटात जातं, आणि आधीच सोललेली कातडी आणखी भाजून निघते.

आमच्या शेरूचं अगदी असंच झालं होतं. पहिल्या दवाखान्यात कातडीला हातही न लावता खाजेचं इंजेक्शन दिलं. आठ-दहा दिवस आम्ही खूश होतो, मग चट्टे दुप्पट झाले. ते स्टेरॉइड होतं. खाज थांबते, पण अंगाची प्रतिकारशक्तीही दबते आणि केसांच्या मुळांशी राहणारे डेमोडेक्स किडे मोकाट वाढतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी स्किन स्क्रेपिंग केलं. चट्ट्याची कातडी चिमटीत दाबली, ब्लेडवर तेलाचा थेंब घेऊन रक्त जेमतेम पाझरेपर्यंत खरवडलं आणि ते काचेवर पसरलं. मला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. सिगारसारखे लांबुळके किडे, पुढच्या टोकाला आखूड पाय, हळूहळू हलत होते. पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी आम्ही दीड महिना वाया घालवला होता. तेव्हा तुम्ही स्वतःहून म्हणा, "डॉक्टर, आधी स्क्रेपिंग करूया."

डेमोडेक्स पिल्लाला आईकडूनच, जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत मिळतो. माणसांना तो लागत नाही. पण खाज भयंकर असेल, कानांच्या कडा आणि कोपरं सोलली असतील आणि घरातल्यांच्या अंगावरही पुरळ उठला असेल, तर ती सार्कोप्टिस नावाच्या दुसऱ्या किड्याची खरूज असू शकते. गोल चट्टे असतील तर गजकर्ण, म्हणजे बुरशी. ती मांजरांत जास्त दिसते आणि लहान मुलांनाही लागते. तिघांची औषधं वेगळी आहेत, म्हणून अंदाजाने मलम लावण्यात अर्थ नाही.

शेरूला वजनाप्रमाणे फ्लुरालानर या किडे मारणाऱ्या औषधाची गोळी दिली. एका गोळीचा असर साधारण १२ आठवडे राहतो. तुमच्या कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. दर महिन्याला पुन्हा स्क्रेपिंग केलं आणि लागोपाठ दोनदा किडे सापडले नाहीत तेव्हाच उपचार थांबवले. केस आलेत म्हणून मध्येच सोडू नका, इथेच बहुतेक जण चुकतात. अंगावर फोड आणि पू असेल तर क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू देतात. तो दहा मिनिटं अंगावर ठेवून मग धुवायचा. माणसांचा शॅम्पू नको, कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते.

आता मांजर. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विषारी आहे. कुत्र्याच्या अंगावर घातलं आणि मांजर त्याला चिकटून झोपलं तरी मांजराला झटके येऊ शकतात. कापूर आणि टी ट्री ऑईलही मांजरापासून लांबच ठेवा. पिसवा दिसल्या तर अंथरुणं गरम पाण्यात धुवा आणि कोपरे रोज झाडा. पिसवांची अंडी आणि अळ्या तिथेच असतात, अंगावर फक्त मोठ्या पिसवा दिसतात.

दवाखान्यात नेण्याआधी दोन दिवस अंघोळ घालू नका आणि अंगाला काहीही चोपडू नका, नाहीतर तपासणीत नीट काही सापडत नाही.