चार वर्षांच्या मुलीला सायन्स किट? आधी हळदीचा डबा काढा

ताई, तुम्ही विचारलंय की लेक ४ वर्षांची आहे, तिला कोणतं सायन्स किट घेऊ, आणि हस्तकलेला बसवलं की ती पाच मिनिटांत उठते त्याचं काय करू. बरीच वर्षं बालवर्ग घेतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

किट एवढ्यात नको. त्यातलं मोजायचं, ओतायचं, जोडायचं काम शेवटी आईबाबाच करतात. हस्तकलेतही तेच होतं. व्हिडिओतल्यासारखं फुलपाखरू हुबेहूब जमावं म्हणून कात्री आपल्या हातात, फेव्हिकॉल आपल्या हातात आणि पोरीच्या वाट्याला काय, तर शेवटी डोळे चिकटवणं. उठेल नाहीतर काय करेल?

उद्या हे करून बघा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा आणि जाडसर पांढऱ्या कागदावर लेकीलाच ब्रशने फासू द्या. हात पिवळे होतील, होऊ द्या, पण कपडे जुने घाला. कागद वाळला की एका वाटीत कपडे धुवायच्या साबणाचं दाट पाणी आणि एका वाटीत लिंबाचा रस द्या. कान कोरायची कापसाची काडी साबणाच्या पाण्यात बुडवून रेघ ओढली की पिवळ्यावर लालभडक उमटते. त्याच रेघेवर लिंबू फिरवलं की ती पुन्हा पिवळी. डागावर साबण लावताना हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हळदीतलं कर्क्युमिन नावाचं रंगद्रव्य लिंबासारख्या आम्लात पिवळं राहतं आणि साबणासारख्या अल्कलीत लाल होतं, पण हे तुमच्यासाठी. तिला सांगू नका. तिला विचारायचं एवढंच, 'आता कशात बुडवूया? काय होईल?' मग गप्प बसायचं. मुलं स्वतःच दही, मीठ, चिंचेचं पाणी, टूथपेस्ट आणून लावून बघतात. उद्या पुन्हा हेच मागेल, तर पुन्हा हेच द्या. रोज नवीन ॲक्टिव्हिटी शोधायची घाई आपल्याला असते, त्यांना नसते.

दुसरं, बादलीभर पाणी. चमचा, बूच, बटाटा, वाळकं पान, काय तरंगतं आणि काय बुडतं ते आधी तिने सांगायचं, मग टाकायचं. शेवटी एक संत्रं सालीसकट टाका, तरंगेल. मग तिलाच सोलायला द्या आणि सोललेलं टाका, बहुतेक वेळा ते तळाशी जातं. सालीच्या आतल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या भागात हवा असते. मोड आलेली मटकी, कापसावरची मेथी वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल.

हस्तकलेसाठी भेंडी आडवी कापून ठसे (बहुधा पाच पाकळ्यांचं फूल मिळतं), आणि कात्रीची हौस असेल तर बोथट टोकाची कात्री देऊन जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. काही 'बनलं' नाही तरी चालेल. पट्ट्या कापणं हेच काम आहे.

स्वस्तात केलं म्हणजे कमी दर्जाचं, असं वाटत असेल तर एक सांगते. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली आणि अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात आल्या. परदेशी धर्तीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलांसाठी विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणीही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. त्यातल्या बऱ्याच खेळण्यांना मात्र सुई नाहीतर कटर लागतो, ती तिला थोडी मोठी झाल्यावर.

आता धोक्याचं. बिया दिसायला गोड असल्या तरी गुंज आणि एरंडी घरात नको, दोन्ही विषारी आहेत. हरभरा-वाटाणा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो आणि काढणं अवघड होतं, म्हणून कडधान्य देऊन स्वयंपाकघरात निघून जायचं नाही. रिमोटचे बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं अजिबात नकोत. व्हिडिओत बोरॅक्सचं (टाकणखाराचं) स्लाइम, म्हणजे लिबलिबीत गोळा, दाखवतात, तेही या वयाला नको.

चिकट काहीतरी हवंच असेल तर २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून घट्ट मळून द्या. खारट असल्याने सहसा मुलं खात नाहीत, तरी लक्ष ठेवा. डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेवलं की काही दिवस टिकतं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, तेव्हा मूठभर मैदा टाकून तिलाच पुन्हा मळायला बसवा.