प्रोजेस्टेरॉनच्या दिवसांतली घालमेल

ताई, पाळी जाण्याच्या काळातल्या त्रासासाठी हार्मोन उपचार सुरू केल्यावर चिडचिड, रडू किंवा धडधड वाढली, म्हणून ते आपल्याला मानवतच नाहीत असा निष्कर्ष लगेच काढू नका. शरीर रुळायला वेळ घेते. डॉक्टर साधारणपणे तीन महिन्यांनी आढावा घेतात, आणि तोवर तारखेसमोर औषध, झोप व मनःस्थिती यांची एका ओळीची नोंद ठेवलीत, तर त्या भेटीत तिचा फार उपयोग होतो. या उपचारात इस्ट्रोजेनच्या जोडीला दिले जाणारे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन महिन्यातले 12 ते 14 दिवसच घ्यायचे असेल आणि घालमेल नेमकी त्याच दिवसांत वाढत असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. मात्र गर्भाशय शाबूत असताना ते परस्पर बंद करू नका, कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. त्याऐवजी औषधाचा प्रकार किंवा मार्ग बदलता येईल का, हे विचारा. कृत्रिम प्रकारापेक्षा मायक्रोनाइज्ड (शरीरातल्यासारखेच, पण बारीक कणांचे) प्रोजेस्टेरॉन अनेकींना अधिक सोसते. त्याने गुंगी येते, म्हणून ते झोपतानाच घेतात. काहींना योनिमार्गे ठेवायची कॅप्सूल किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन सुचवले जाते.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या; धडधडीचे मूळ तिथेही असू शकते. (घरचे ‘या वयात होतंच’ म्हणतील, तिकडे कानाडोळा करा.) जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला.